तिसरं बटण

करमाळा
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

भार्गवी,

दिवाळीत आलीस, दोन दिवस चकल्यांचा फडशा पाडलास आणि जाताना म्हणालीस, "आत्या, काही अडलं तर कळव." अडलंय. तेव्हा आता हे पत्र निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

आधी पत्र का, ते सांगते. वरद म्हणतो, आई, व्हॉइस नोट टाक, कशाला टाइप करत बसतेस. पण व्हॉइस नोटमधलं एखादं वाक्य निसटलं की पुन्हा पहिल्यापासून ऐका. ईमेल माझा स्क्रीन रीडर ओळीओळीनं वाचून दाखवतो, हवी ती ओळ परत ऐकता येते. आणि टायपिंगचं म्हणशील तर लग्नाआधी मी मराठी चाळीसची परीक्षा पास झालेली बाई आहे. काचबिंदूनं डोळे नेले, बोटं शाबूत आहेत.

आता मुद्दा. निवृत्तीनंतर मी शिक्षण मंडळाच्या 'पुन्हा दहावी' वर्गाला गणित शिकवते, मंगळवारी आणि शुक्रवारी. संसारापायी शाळा सुटलेल्या बायका आहेत सगळ्या, कुणी माढ्याची, कुणी माळशिरसची. आजवर वर्ग फोनवर चालायचा. आता मंडळानं पोर्टल आणलंय, आणि ते बनवलंय तुझ्या कंपनीनं. नियम असा, की वर्ग ज्याच्या नावावर त्यानंच तो उघडायचा, चालवायचा आणि बंद करायचा. मधे काही मास्तरांनी आपल्या जागी भाचे-पुतणे बसवले म्हणे, म्हणून ही कडक शिस्त. जानेवारीत निरीक्षक ऑनलाइन वर्गात येऊन बघणार. ज्याला स्वतःला जमणार नाही, त्याचा वर्ग दुसऱ्याकडे.

तर ते तुमचं पान मी उघडते तेव्हा मला काय ऐकू येतं माहीत आहे? "बटण. बटण. बटण. बटण." कसलं बटण, काही नाही. भाजीवाला रस्त्यानं नुसता "भाजी, भाजी" ओरडत जावा आणि कुठली ते सांगू नये, तसं चाललंय.

वरद म्हणाला, मी बाजूला बसून दाबून देतो. गुणाचा मुलगा आहे. पण ते नियमात बसत नाही, आणि खरं सांगू, मलाही नको आहे. वर्गात मी आजवर स्वतःच्या पायांनी गेले, कुणी हाताला धरून नेलं नाही. ह्या बायकांना मार्चअखेर परीक्षेला बसवायचं आहे आणि ते मीच करणार आहे. तू काहीतरी कर.

तुझी वैतागलेली,
आत्या

---

सोलापूर
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

वाचलं शेवटपर्यंत. पण चकल्या काढल्यास ते बरं नाही केलंस, निम्म्या वरददादानं संपवल्या होत्या.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण बाबांना अजून वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. अजिंक्य पोर्टलची पानं तयार करतो, मी ती तपासते. दर वेळी सगळं हातानं दाबून बघणं शक्य नसतं, म्हणून मी चाचण्या लिहून ठेवते. त्या आपोआप ब्राउझर उघडतात, लॉगिन करतात, वर्ग सुरू करतात, बंद करतात. नीट झालं तर हिरवी ओळ, बिघडलं तर लाल. खरी मेख एवढीच, की कुठलं बटण दाबायचं ते चाचणीला ओळखता आलं पाहिजे. मी तिला सांगून ठेवलंय, "वर्गाच्या चौकटीत जा आणि तिथलं तिसरं बटण दाब." ती बिचारी दाबते.

तुझी बटणं मुकी आहेत कारण त्यांच्यावर अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. पेन्सिल, घंटा, आडवा त्रिकोण, कचऱ्याचा डबा. बघणाऱ्याला लगेच कळतं, आणि आमच्या ऑफिसात सगळे बघणारे. ह्या बटणांना आतून नावं द्या, असं मी अजिंक्यच्या यादीत टाकलंय, पण ती यादी म्हणजे मारुतीचं शेपूट.

तोवर एक युक्ती देते. वर्गाचं नाव ऐकू आलं की टॅब दाबत जा. पहिलं बटण वेळ बदलायचं, दुसरं आठवण पाठवायचं, तिसरं वर्ग सुरू करायचं. तिसऱ्यावर एंटर. माझ्या चाचण्या असंच करतात आणि रोज हिरव्या येतात. गणिताच्या बाईंना तीनपर्यंत मोजणं जमावं अशी अपेक्षा आहे.

तुझी,
भार्गवी

---

करमाळा
शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

भार्गवीबाईसाहेब,

जमलं! तीन वर्ग झाले, तिन्ही मी स्वतः उघडले. वरद पहिल्या दिवशी दाराशी घुटमळत होता, त्याला चहा करायला पिटाळलं.

विजयमाला म्हणून एक आहे माझ्या वर्गात, माळशिरसकडची. नवरा मेंढरं घेऊन बाहेरच असतो, घर आणि रान हीच बघते. वर्ग उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, "बाई, आज वर्ग कुनी चालू केला? तुमीच व्हय?" मी म्हटलं, मीच. तर म्हणाली, "मंग मी बी पास हुतीया बगा. तुमाला दिसत न्हाय तरी तुमी शिकलासा, मला तर सगळं दिसतंय की." मग तिला दोन समीकरणं जास्तीची घातली.

तुझी युक्ती बोटांत बसली आहे. आता मोजावंही लागत नाही, हात आपोआप जातो. निरीक्षक येऊ देत की कधीही, मी तयार आहे.

पुढच्या वेळी येताना शेंगाचटणी आण. सोलापूरची, आणि वासावरून ओळखते मी, फसवू नकोस.

आत्या

---

सोलापूर
गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र राजशेखरसरांना वाचून दाखवलं. ते आमचे मालक. त्यांच्या वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, त्यातली अर्धी शेड पार्टिशन घालून आमचं ऑफिस केलंय. पलीकडे माग, इकडे आम्ही. "लई भारी बाई आहे की," म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. माग चालू असताना ओरडावंच लागतं.

आज दिवसभर नुसती धावपळ. पोर्टलची नवी आवृत्ती गेली. फोनवर अंगठ्याला जवळ पडावं म्हणून अजिंक्यनं त्रिकोणाचं बटण उचलून शेवटी नेलं, आणि सकाळी माझ्या निम्म्या चाचण्या लाल! वर्ग सुरू करायला जायच्या आणि भलतंच करून यायच्या. मग बसले आणि सगळीकडे तीनचं चार केलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत पुन्हा सगळं हिरवं. सर खूश, मी खूश, अजिंक्यनं कढी-भजी खिलवली.

शेंगाचटणी नक्की आणते.

भार्गवी

---

करमाळा
रविवार, १ डिसेंबर २०२४

चि. भार्गवी,

तुझं पत्र ऐकलं. काम चांगलं चाललंय, समाधान वाटलं.

मी वर्ग सध्या बंद ठेवला आहे. थंडी पडली आहे, घसा धरला आहे. वयही झालं. वरद म्हणतो, विश्रांती घे. घेते.

चटणीची घाई नाही.

प्रभाआत्या

---

सोलापूर
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

आत्या,

बरं केलंस. एवढी वर्षं शिकवलंस, थोडा आराम केलास म्हणून काही बिघडत नाही. तुझा उत्साह बघून मीच जरा घाबरले होते, ताण पडला असता. गरम पाण्यात हळद घालून गुळण्या कर. मंडळाला कळवलंस ना? नसेल तर मी आमच्याकडून निरोप देते, की बाईंनी आपणहून वर्ग सोडला.

तुझी,
भार्गवी

---

करमाळा
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

भार्गवी,

तुझं कालपरवाचं पत्र आईनं ऐकलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. अजून उघडला नाही. तिला न विचारता मी तुला हे लिहितोय, तिला सांगू नकोस. किंवा सांग, आता काय फरक पडतो.

आईनं वर्ग आपणहून बंद केला नाही. गेल्या शुक्रवारी मी बँकेतून लवकर आलो होतो. ती नेहमीसारखी बसली, टॅब दाबले, एंटर दाबलं. काहीच ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एंटर दाबलं. मी पडद्याकडे बघेपर्यंत वर्ग रद्द झाला होता. पहिल्या एंटरला "खात्री आहे का?" अशी चौकट आली होती, दुसऱ्यानं तिला "हो" गेलं. सगळ्या बायकांच्या फोनवर संदेश गेला, 'शिक्षिकेने वर्ग रद्द केला आहे.' मग अर्धा तास नुसते फोन. त्या माळशिरसच्या बाईंचा फोन मी घेतला. "दादा, बाईस्नी सांगा, आमी कंटाळा न्हाय केला, त्यांनी का केला?" असं म्हणाली. आईनं ते ऐकलं.

मंडळाचंही पत्र आलंय. विनाकारण वर्ग रद्द झाल्याची नोंद केली आहे, पुन्हा झालं तर नाव कमी करतील.

मी आधीपासून तिला म्हणत होतो, की हे झेपणार नाही. आता ती माझ्याशीही नीट बोलत नाही. तुला विनंती एवढीच, की तिला पुन्हा भरीला घालू नकोस.

वरद

---

सोलापूर
शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

आत्या,

वरददादानं सगळं लिहिलं. त्याच्यावर चिडू नकोस.

पत्र वाचलं आणि मी माझीच अठ्ठावीस तारखेची मेल उघडली. गुरुवारी मी तीनचं चार केलं. शुक्रवारी तू तिसरं दाबलंस. त्या जागी आता कचऱ्याचा डबा होता. मी माझ्या चाचण्यांना नवी जागा सांगितली आणि तुला सांगायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वर तुला कढी-भज्यांचं वर्णन पाठवलं. आणि त्यावर कडी म्हणजे तुला म्हटलं, आराम कर. मला माझी लाज वाटतेय.

पण आत्या, नुसतं "तिसरं नाही, चौथं दाब" असं लिहून मी गप्प बसणार नाही. उद्या अजिंक्य चौथ्याचं दुसरं करेल, मग काय? चूक आकड्यात नाही. बटण कुठे आहे यावरून मी ते ओळखत होते, आणि तुलाही तेच शिकवलं. बटण काय आहे ते मी कधी विचारलंच नाही. आता तेच करणार. सगळ्या चाचण्या मोडून पुन्हा लिहिते. माझी चाचणी पानाला विचारेल, "वर्ग सुरू करा असं ज्याचं नाव आहे ते बटण कुठाय?" तुझा स्क्रीन रीडर जे नाव वाचतो, तेच नाव. ते नसेल तर चाचणी लाल. म्हणजे तुला जे ऐकू येणार नाही, ते माझ्याकडे पास होणार नाही.

तू वर्ग सोडू नकोस. मला मदत कर. रागव, पण मदत कर.

भार्गवी

---

करमाळा
रविवार, ८ डिसेंबर २०२४

भार्गवी,

रागावलेच आहे. वर्ग रद्द झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तुझी ती कढी-भज्यांची मेल पुन्हा ऐकली आणि काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. वाईट बटण हललं म्हणून नाही वाटलं. यंत्राच्या चाचण्या तुला जेवायच्या आत नीट कराव्याशा वाटल्या आणि आत्या आठवली नाही, याचं वाटलं. वर "आपणहून सोडला" असं कळवतेस? ते ऐकलं त्या दिवशी मी रडले. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

आता झालं ते झालं. मंडळाला मी फोन केला, चूक पोर्टलची होती म्हणून सांगितलं. निरीक्षक म्हणाले, "बाई, तुमच्या वयाला हे कठीणच." मी म्हटलं, दहा जानेवारीला शुक्रवार आहे, वर्गात या आणि बघा. तोवर वर्ग फोनवर घ्यायची परवानगी काढली आहे. जमलं नाही तर मी स्वतः राजीनामा देईन, असं बोलून बसले आहे.

विजयमालाला आणि सगळ्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. विजयमाला म्हणाली, "आसं व्हय! मग त्या पोरीला म्हनावं, दुरुस्त कर की लौकर." तेव्हा कर.

काय मदत हवी?

आत्या

---

सोलापूर
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

आत्या,

बारा दिवस लिहिलं नाही, कारण रोज भांडत होते.

चाचण्या नव्यानं लिहिल्या. चालवल्या. वरपासून खालपर्यंत सगळं लाल, कारण एकाही बटणाला नाव नव्हतं. राजशेखरसर बघून हबकले. "हे बघ, गड्ड्याच्या आधी पुढची आवृत्ती द्यायचीय. गड्ड्यात अर्धं ऑफिस यात्रेच्या मैदानावर असतंय. आता हे काय काढलीस?" मी म्हटलं, पोर्टल आधीपासूनच असं होतं, आज फक्त दिसलं.

मग अजिंक्य मदतीला आला. तो वाईट मुलगा नाही, हुशार आहे. म्हणाला, "एवढंच ना? प्रत्येक बटणाला आतून एक खूण चिकटवून देतो. पानावर दिसणार नाही, स्क्रीन रीडर वाचणार नाही, फक्त तुझ्या चाचणीला सापडेल. बटण कुठेही हलव, चाचणी मोडणार नाही. तासाभरात सगळं हिरवं."

खरं सांगते, दोन मिनिटं मोह झाला. जगभर असं करतात, त्यात चुकीचं काही नाही. माझं काम झालं असतं, सर खूश झाले असते. पण तुला पुन्हा "बटण, बटण"च ऐकू आलं असतं आणि माझ्याकडे हिरवी ओळ आली असती. मी म्हटलं, नको. जी खूण माझ्या आत्याला ऐकू येत नाही, ती मी धरणार नाही. अजिंक्य म्हणाला, तुझी आत्या एकटीच वापरते का पोर्टल? मी म्हटलं, हो असं समज.

आमच्याकडे तपासणाऱ्याची मंजुरी असल्याशिवाय आवृत्ती बाहेर जात नाही. मी मंजुरी दिली नाही. सर चिडले, मी ऐकलं नाही. शेवटी त्यांना शेडबाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसवलं, कारण आत मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. लॅपटॉपवर सरावाचं पान उघडून पडदा काळा केला, कानात इअरफोन घातले आणि म्हटलं, सर, शुक्रवारचा वर्ग सुरू करून दाखवा. त्यांनी दाबलं. एकदा आठवणीचा संदेश गेला, एकदा वर्ग रद्द झाला. तिसऱ्यांदा त्यांनी इअरफोन काढले. "आमची आई बी फोन वापरत न्हाय म्हणतीय, का ते आता कळालं," एवढंच बोलले आणि आत जाऊन अजिंक्यला म्हणाले, नावं घाल.

त्यानं घातलीत. सोबत सरावाच्या पानाचा पत्ता पाठवतेय, तिथं काहीही दाब, खरं काही होणार नाही. ऐक आणि काय चुकतंय ते सांग. गोड बोलू नकोस.

भार्गवी

---

करमाळा
सोमवार, २३ डिसेंबर २०२४

भार्गवी,

गोड बोलायची सवय मला कधी होती?

नावं आली, हे उत्तम. पण तुमच्या पानावर माझे मंगळवारचा आणि शुक्रवारचा, असे पुढचे दोन वर्ग दिसतात. मी टॅब दाबत गेले तर "सुरू करा, सुरू करा." कुठला वर्ग? एकाच वर्गात चार कविता असल्या तरी हजेरी घेताना मी आडनाव लावतेच की.

तेव्हा नावात वर्ग येऊ दे. आणि आधी काम, मग वर्ग. "रद्द करा, शुक्रवार गणित." उलटं नको. 'शुक्रवार गणित' संपेपर्यंत माझं बोट एंटरवर पडलेलं असतं. रद्द हा शब्द सगळ्यात आधी कानावर आला पाहिजे.

तिसरं. ती "खात्री आहे का?" वाली चौकट मुक्यानं येते. तिनं तोंड उघडून सांगावं, कशाची खात्री. आणि चौकट उघडली की पहिलं बटण 'नको' असावं. मी दोनदा एंटर दाबणाऱ्यातली बाई आहे, आणि माझ्यासारख्या खूप असतील.

वरद परवा माझ्याशेजारी बसून ऐकत होता. शेवटपर्यंत उठून गेला नाही.

आत्या

---

सोलापूर
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

आत्या,

तिन्ही गोष्टी झाल्या. पहिलीबद्दल गंमत ऐक. तुझं पत्र यायच्या आधी माझी चाचणीसुद्धा तिथेच अडली होती. "सुरू करा नावाची दोन बटणं सापडली, नेमकं कुठलं?" म्हणून लाल होऊन बसलेली. मी तिला दटावून 'पहिलं घे' म्हणणार होते. तुझं पत्र वाचून हात आवरला.

काल मी अजिंक्यला सांगितलं, आता सगळ्या बटणांचा क्रम बदल, मनाला येईल तसा. त्यानं तीनदा उलटापालट केली. तिन्ही वेळा माझ्या चाचण्या हिरव्या. एकीलाही हात लावावा लागला नाही. अजिंक्य खुर्चीवरून उठून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, परत एकदा चालव. परत हिरव्या.

नवी आवृत्ती गुरुवारी संध्याकाळी जाते. शुक्रवारी तुझा वर्ग, निरीक्षकांसमोर. पान सरावाच्या पानासारखंच असेल, पण बटणांचा क्रम तो नसेल. कुठला असेल ते मला माहीत आहे. तुला सांगणार नाही.

तुझी,
भार्गवी

---

करमाळा
बुधवार, ८ जानेवारी २०२५

भार्गवी,

हे काय नवीन खूळ? तुझं काय जातंय? चुकलं तर तुझी एक ओळ लाल होईल, माझा वर्ग जाईल. मार्चअखेर परीक्षा आहे, ह्या बायकांना आता कोण नवा मास्तर सांभाळून घेणार? मी रात्री टॅब मोजत पडते, झोप येत नाही. सरळ सांग, सुरू करा कितव्या नंबरला आहे.

लगेच उत्तर दे.

आत्या

---

सोलापूर
बुधवार, ८ जानेवारी २०२५

आत्या,

नाही सांगणार.

सांगितलं तर शुक्रवारी तू मोजशील, ऐकणार नाहीस. आणि पुढच्या महिन्यात अजिंक्य काहीतरी हलवेल, तेव्हा तू पुन्हा माझ्या पत्राची वाट बघत बसशील. मला तुझी वाटाड्या व्हायचं नाही. पान उघड, सावकाश टॅब दाब, प्रत्येक नाव शेवटपर्यंत ऐक. हवं ते नाव आलं की एंटर. मी चाचण्या चालवल्या आहेत, सरांनी इअरफोन लावून चालवलं आहे, मी स्वतः पडदा काळा करून रोज वर्ग उघडते आहे. माझा भरवसा त्या पानावर आहे आणि तुझ्या कानांवर आहे.

मलाही झोप नाही.

भार्गवी

---

करमाळा
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

भार्गवी,

फोन उचलला नाही म्हणून घाबरली असशील. उचलला नाही कारण आधी हे लिहायचं होतं. सगळं क्रमानं सांगते, मधे उड्या मारून शेवट वाचू नकोस.

वरदला मी सकाळीच बँकेत पाठवलं. तो म्हणाला, रजा टाकतो. म्हटलं, तू घरात असलास तर उद्या कुणीही म्हणेल, मुलानं दाबलं. तो चप्पल घालून दारात बराच वेळ उभा होता, मला कळत होतं. मग गेला.

वर्गाच्या वेळेआधी पान उघडलं. वर्गाचं नाव आलं. टॅब. "आठवण पाठवा, शुक्रवार गणित." टॅब. "वेळ बदला, शुक्रवार गणित." टॅब. आणि तुला खरं सांगते, तिसऱ्या टॅबला माझं बोट आपोआप एंटरवर जाऊन टेकलं. अगदी दाबणार, तोच कानावर पहिला शब्द आला, "रद्द". बोट उचललं. तू क्रम सांगितला नाहीस म्हणून त्या क्षणी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पण ऐकलं मी. नावानं ऐकलं आणि थांबले. मग टॅब. "सुरू करा, शुक्रवार गणित." एंटर. "वर्ग सुरू झाला आहे."

एकेक बाई येऊ लागली. निरीक्षक आधीपासून येऊन बसले होते. मी हजेरी घेतली, सगळ्या आल्या होत्या, एक नाही गैरहजर. विजयमालाकडे मागं मेंढराची पिल्लं ओरडत होती, तिला म्हटलं दार लाव. तेवढ्यात निरीक्षक मधेच म्हणाले, "बाई, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या बाजूला कुणीतरी सांगणारं बसलंय. मला आवाज येतोय. नियमाप्रमाणे त्यांना बाहेर पाठवा."

मी म्हटलं, "साहेब, खोलीत मी एकटी आहे. घरात कुणी नाही. तो आवाज तुमच्या पोर्टलचाच आहे. ते आता बोलतं."

ते मग म्हणाले, "मी एक बटण सांगतो, ते दाबून दाखवाल?" मी म्हटलं, कुठलंही सांगा. त्यांनी मंगळवारच्या वर्गाची वेळ अर्ध्या तासानं पुढे न्यायला सांगितली. नेली. परत मागे आणायला सांगितली. आणली. तिसऱ्यांदा ते काहीतरी सांगायला लागले, तेव्हा विजयमालाच्यानं राहवलं नाही. "ओ सायेब," ती म्हणाली, "परीक्षा आमची हाय का बाईंची? आमचा येळ चाललाय की!"

सगळ्या हसल्या. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणीही आवरेना, पण आवाज मी बिघडू दिला नाही.

"साहेब," मी म्हटलं, "माझा वर्ग सुरू झाला आहे. काही विचारायचं असेल तर तास संपल्यावर विचारा. आता माइक बंद करून बसा."

बसले.

आत्या